विमानाच्या इंजिनात कॅमेरा घालून काय बघतात

आमच्या काटोलकडे लोकाईले वाटते का नागपूरच्या मिहानमधे विमान दुरुस्तीच्या कामाला असलेला पोट्टा म्हणजे दिवसभर विमानाचं इंजिन खोलून बसत असन. अन आमची सगळी खटपट असते ते खोलावं लागू नये म्हणून. इंजिन पंखाखालून उतरवलं का वेळही गेला अन पैसाही, म्हणून आधी बोरोस्कोप, म्हणजे इंजिनात घालून बघायचा बारीक कॅमेरा.

इंजिनच्या बॉडीवर ठिकठिकाणी प्लग लावून बंद केलेली छिद्रं असतात. इंजिन थंड झालं का प्लग काढायचा अन बोटापेक्षा बारीक नळी आत, टोकाला कॅमेरा न लाइट, टोक जॉयस्टिकनं वळते. टर्बाइन (गरम गॅसनं फिरणारं पात्यांचं चाक) बघायचं तर एकानं कॅमेरा धरायचा अन दुसऱ्यानं गिअरबॉक्सला टूल लावून रोटर, म्हणजे इंजिनचा फिरणारा भाग, हळूहळू फिरवायचा, एकेक पातं स्क्रीनसमोरून जाते. सीएफएम 56 मधे (जुन्या बोइंग 737 अन एअरबस 320 वर असते ते इंजिन) हाय प्रेशर टर्बाइनला 80 पाती, सगळी सारखी, मधातच कोणी चहाचं विचारलं का मोजणं गेलं बोंबलत.

या पात्यांवर येणारा गॅस त्यांचा धातू वितळन इतका गरम असते. तरी टिकतात, कारण पातं आतून पोकळ असते, कंप्रेसरची (इंजिनात हवा दाबणाऱ्या भागाची) हवा त्यातून फिरून बारीक छिद्रांतून बाहेर येते अन पात्यावर पांघरुणासारखी पसरते, वरून सिरॅमिकचा थर. धुळीनं छिद्रं बुजली का पातं करपते, कोपरे झिजतात, क्रॅक जाते.

मले विचाराल तर खरं काम रेघ ओळखायचं आहे. काजळीची रेघ अन क्रॅक स्क्रीनवर सेम दिसतात, लाइट कमीजास्त करा, टोक वळवून दुसऱ्या अँगलनं बघा, बऱ्याचदा नुसता डागच निघते. क्रॅकच असन तर स्क्रीनवर लांबी मोजायची अन मॅन्युअल उघडायचं. लिमिटमधे असली तर विमान उडते, फक्त पुढची तपासणी लवकर लावतात, बाहेर गेली तर मात्र इंजिन उतरवा. "क्रॅक असून उडवता?" असं घरचे डोळे मोठे करून विचारतात. हो, उडवतो, ती किती वाढली तर चालन हे बनवणाऱ्यानं तपासून लिहिलेलं असते, आमच्या मनाचं काही नसते त्यात.

आता मोबाइलले लागणारे स्वस्त कॅमेरे निघाले, चुलतभावानं ट्रॅक्टरसाठी मागवला. नोझल काढून पिस्टनवर कार्बन किती बसला ते बघायले ठीक आहे, क्रॅक मोजायच्या भानगडीत पडू नका. अन आमच्याकडे नळी आत ठेवून रोटर फिरवतात ते जागा ठरलेली असते म्हणून, तुम्ही क्रँक फिरवायच्या आधी ती बाहेर काढा बाप्पा.