क्रॉप बदलला की एडिट नव्याने

सध्या एकाच फोटोवर काम चाललंय. ओहोटीचा किनारा, पुढे शेवाळलेले काळे खडक, मधे ओसरत्या लाटेचा फेस, उजवीकडे समुद्रात शिरलेलं डोंगराचं टोक, वर ढगांचे पातळ थर. लेन्सचं छिद्र एफ/११, अर्ध्या सेकंदाचं एक्स्पोजर. त्यामुळे फेसाच्या रेषा लांबल्यात, पण पाण्याचा पोत पुसला गेलेला नाही. २४ मेगापिक्सेलची रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) फाइल, ६००० बाय ४००० पिक्सेल. या एका फाइलमधून किती वेगळे फोटो निघतात ते बघायला बसले आणि एका बाबतीत माझं मत पक्कं झालं: आधी क्रॉप (फ्रेम कापणं), मग एडिट (उजेड-रंगांची जुळवणी), आणि प्रत्येक क्रॉपला त्याचा स्वतंत्र एडिट.

सुरुवातीची डागडुजी तेवढी सगळ्यांना सारखीच. आधी लेन्स करेक्शन (लेन्समुळे वाकलेल्या रेषा सरळ करणं), मग क्षितिज सरळ करणं. हा क्रम उलटा करू नका. वाइड लेन्सने काढलेल्या फ्रेमच्या वरच्या भागात क्षितिज असेल तर ते मधे फुगतं, आणि फुगलेली रेषा कितीही फिरवली तरी सरळ होत नाही. फिरवताना खुल्या समुद्राची कड धरायची. डोंगराच्या पायथ्याची पाण्याची रेष फसवते. किनारा आपल्याकडे वळत येत असल्याने ती मुळातच तिरपी दिसते. माझा फोटो एक अंश फिरवावा लागला. ३:२ ची चौकट राखायची तर तेवढ्यानेही सुमारे ५ टक्के पिक्सेल जातात. हातात उरले ५८४८ बाय ३८९८. आकाशातले सेन्सरच्या धुळीचे ठिपकेही याच टप्प्यावर काढून टाकले.

पहिला क्रॉप ६५:२४, म्हणजे १९९८ साली आलेल्या हासेलब्लाड एक्सपॅनच्या पॅनोरमा फ्रेमचं माप. पूर्ण रुंदी ठेवली, उंची राहिली २१५९. ३०० पीपीआयला (इंचाला ३०० पिक्सेल) साडेएकोणीस इंच रुंद प्रिंट निघेल, म्हणजे भरपूर आहे. या पट्टीत खडक उरत नाहीत आणि त्यांच्याबरोबर फोटोतला काळा रंगही निघून जातो. पूर्ण फ्रेममध्ये उत्तम दिसणारा एडिट इथे पाणचट दिसायला लागला. अशा वेळी हात गडद भाग आणखी काळे करणाऱ्या ब्लॅक्सच्या स्लायडरकडे जातो. मी तो जागचा हलवला नाही, कारण डोंगरावरचा धूसरपणाच अंतर दाखवतो. तो मारला की डोंगर समोर येऊन चिकटतो. फक्त माथ्यावर मास्क (एडिट तेवढ्याच भागाला लागू करणारी निवड) घेऊन डीहेझ, म्हणजे धूसरपणा कमी करणारा स्लायडर, किंचित वाढवला आणि पायथा तसाच सोडला. डोंगराला वजन आलं, तरी तो लांबच राहिला.

आकाशासाठी ग्रॅज्युएटेड (हळूहळू विरत जाणारा) मास्क सरळ ओढला की त्याखाली डोंगरही काळवंडतो. म्हणून ल्युमिनन्स रेंज (उजळतेनुसार निवड) वापरून डोंगर मास्कमधून वजा केला आणि २०० टक्के झूमवर त्याची कड या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासली. कडेला पांढरी किनार दिसली की समजायचं, क्लॅरिटी (मधल्या छटांचा कॉन्ट्रास्ट) जास्त झाली. आकाश आणि खालचा भाग वेगवेगळे हाताळावे लागतात, हे दुखणं जुनंच आहे. १८५० च्या दशकात फ्रेंच फोटोग्राफर गुस्ताव्ह ल ग्रे समुद्र आणि आकाश दोन वेगळ्या निगेटिव्हवरून एकाच कागदावर छापायचे, कारण त्या काळच्या कोलोडियनचा थर दिलेल्या निगेटिव्हच्या काचा निळ्या प्रकाशाला फार संवेदनशील होत्या आणि समुद्र नीट उमटेपर्यंत आकाश कोरं पडायचं. दोन निगेटिव्हचा जोड ते क्षितिजावर घ्यायचे. आपला मास्क आजही तिथेच सुरू होतो, हे मला फार आवडतं.

उभा ४:५ सुद्धा करून पाहिला. ठीकठाक आहे. डोंगर गेल्यावर वरच्या अर्ध्या भागात नजर ठरायला जागाच राहत नाही. त्यावर आणखी वेळ घालवणार नाही.

जीव अडकलाय तो चौकोनी क्रॉपमध्ये. क्षितिजच नाही, फक्त खडक आणि फेस. पूर्ण फ्रेममध्ये उजळ आकाशासमोर फेस करडा वाटायचा, म्हणून तिथे त्याचे व्हाइट्स (सगळ्यात उजळ छटा) वाढवले होते. आकाश कापल्याबरोबर तोच फेस खडूसारखा दिसू लागला. एकही पिक्सेल बदलला नव्हता, फक्त शेजार बदलला होता. वाढवलेलं सगळं काढून टाकलं, शिवाय हायलाइट्स (उजळ भाग) आणखी उतरवले, तेव्हा फेसातले बुडबुडे आणि त्याखालून सरकणारी वाळू सुटी दिसायला लागली.

मग हा क्रॉप कृष्णधवल केला. ओला खडक आणि शेवाळ यांची उजळता जवळपास सारखी, त्यामुळे नुसतं सॅच्युरेशन शून्यावर आणलं की दोन्ही एकमेकांत मिसळून जातात. चॅनेल मिक्समध्ये (कृष्णधवलमध्ये कुठला रंग किती उजळ दिसावा ते इथे ठरतं) हिरवा स्लायडर ढकलून फारसं काही होईना. शेवाळाचा बराचसा रंग पिवळ्यात असतो. पिवळा वर नेला आणि खडकाच्या भेगाभेगांतून शेवाळाच्या बारीक उजळ रेघा उमटल्या, फेसाच्या रेषांना आडव्या जाणाऱ्या. रंगीत फोटोत ही जाळी मला दिसलीच नव्हती. आता सगळा फोटो तिच्यावरच उभा आहे. डॉज-बर्नसुद्धा तिच्यापुरतंच: जिथे भेग फेसाला भेटते तिथे मऊ ब्रशने थोडं उजळ, आणि डावा खालचा कोपरा थोडा गडद, म्हणजे नजर तिथून बाहेर सांडत नाही.

आता हा चौकोन मॅट कागदावर छापायचाय. मॅटचा काळा ग्लॉसीइतका खोल जात नाही, त्यामुळे भेगांमधला तपशील मिटण्याची शक्यता आहे. शॅडोज थोड्या उचललेली एक आणि आहे तशी एक, अशा दोन छोट्या टेस्ट पट्ट्या आधी काढते.