शाईतला कण सुटा राहिला पाहिजे

ई-बुक रीडरमधला ई-पेपरचा पडदा आणि इंकजेट प्रिंटरची पिगमेंट शाई (जिचा रंग विरघळलेला नसून बारीक घन कणांत असतो) यांचा वरवर काही संबंध दिसत नाही. पण दोन्हीकडे खरी झुंज एकच: द्रवात सोडलेल्या बारीक कणांच्या गुठळ्या होऊ द्यायच्या नाहीत.

ई-पेपरच्या मायक्रोकॅप्सूलमध्ये (सूक्ष्म कुपीत) स्वच्छ तेल, पांढरे टायटॅनियम डायऑक्साइडचे कण आणि विरुद्ध विद्युत भाराचे काळे कण असतात. साधारण 15 व्होल्ट दिले की एक रंग वर येतो, दुसरा खाली जातो. विरुद्ध भार म्हणजे ओढ आलीच, म्हणून प्रत्येक कणावर पॉलिमरचं आवरण चढवतात. 1970च्या दशकातल्या पडद्यांत कण गोळा व्हायचे, एका कडेला सरकायचे. एमआयटीत जोसेफ जेकबसन यांच्या गटाने तेल आणि कण कॅप्सूलमध्ये बंद केले (1998चा शोधनिबंध) आणि हे सरकणं आटोक्यात आलं. थंडीत तेल घट्ट होतं, त्यामुळे कंट्रोलर तापमान पाहून व्होल्टेजची वेव्हफॉर्म (किती व्होल्ट, किती वेळ) बदलतो. ती जुळली नाही की मागच्या पानाची सावली राहते.

इंकजेटचं गणित जास्त नाजूक आहे. साधारण 20 मायक्रॉनच्या नोझलमधून (छिद्रातून) काही पिकोलिटरचा थेंब सुटतो, आणि त्यातले पिगमेंट कण 100 ते 150 नॅनोमीटरचे. बाकी पाणी, नोझल वाळू नये म्हणून ग्लिसरॉल किंवा ग्लायकॉल, आणि थोडं सर्फॅक्टंट (पृष्ठताण कमी करणारं रसायन). कण सुटे राहतात ते बहुतेक वेळा पृष्ठभागावरच्या कार्बॉक्सिलेट गटांच्या ऋणभारामुळे. म्हणूनच पीएच 8-9च्या आसपास ठेवतात. तो घसरला की भार जातो आणि शाई फाटते.

कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे आयन हेच काम क्षणात करतात. काही उत्पादक याचा फार सुंदर उपयोग करतात: रंगीत शाईत असे क्षार घालतात, त्यामुळे कागदावर काळ्याला रंग भिडला की काळं पिगमेंट जागीच थिजतं आणि अक्षराची कड पसरत नाही. मला हा या रसायनशास्त्रातला सगळ्यात देखणा डाव वाटतो.

पण तोच डाव प्रिंटरच्या हेडच्या (नोझल असलेल्या भागाच्या) आत झाला तर हेड गेलंच. म्हणून पिगमेंटचं हेड नळाच्या पाण्याने धुऊ नका. कठीण पाण्यात कॅल्शियम असतंच. निव्वळ आयसोप्रोपिल अल्कोहोलही नको, त्यातही डिस्पर्शन (कणांचं सुटं पसरलेलं राहणं) कोसळू शकतं. कोमट डिस्टिल्ड वॉटरने भिजवलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडावर हेड टेकवून ठेवा. कापडावर सलग पट्टा उमटेपर्यंत थांबा, घासू नका. मग नोझल चेक (चाचणी छपाई) काढा.

दुसऱ्या कंपनीची शाई भरण्याआधी जुनी आणि नवी प्रत्येकी 1 मिली एका स्वच्छ काचेच्या बाटलीत मिसळून 24 तास ठेवा. नंतर बाटली हळूच तिरकी करा. तळाशी साका बसला असेल किंवा काचेवरून ओघळताना दाणे दिसले, तर ती जोडी जमत नाही. थेंबभर फिल्टर पेपरवर टाकूनही कळतं: मध्ये गडद ठिपका आणि भोवती फिकं कडं उमटलं, की कण गोळा झालेत. एक मात्र लक्षात असू द्या: लेटेक्स किंवा रेझिन बाइंडरची (कण कागदाला चिकटवणाऱ्या पदार्थाची) शाई नोझलमध्ये पूर्ण वाळली, तर तिची फिल्म पाण्यात पुन्हा सुटत नाही. तिथे भिजवत बसण्यात अर्थ नाही.