मडक्याची वाइन
तारकर्लीजवळच्या एका छोट्या रिसॉर्टवर मी जेवणाखाण्याचं बघतो. मे महिन्यात पुण्याची वीस मंडळी साखरपुड्याच्या जेवणासाठी उतरली होती. दुपारी वळवाने झोडपलं आणि वीज गेली ती गेलीच. जनरेटर दिव्यांपुरता. नाशिकच्या व्हाइट वाइनच्या आठ बाटल्या मालकांनी गाडीच्या डिकीतून आणल्या. डिकीतून! एक उघडून थर्मामीटर घातला, तर ३४ अंश. व्हाइट ८ ते १२ अंशांवर द्यायची असते. जेवण साडेआठला.

मी आधी नाशिकला होतो. तिथे बाटलीला ओला पंचा गुंडाळून वाऱ्यावर ठेवला की फरक पडायचा. सवयीने इथेही तेच केलं आणि चाळीस मिनिटं वाया घालवली. समुद्रकाठच्या दमट हवेत पाणी उडतच नाही. पंचा ओला तो ओलाच, बाटली गरम ती गरमच.

राहिला बंदरावरचा बर्फ. तेवढ्यात मुलीची आत्या स्वयंपाकघरात डोकावली. "तो मासळीचा बर्फ आमच्या खाण्यापिण्याला लावू नका हं." मी म्हटलं, "छे छे, मुळीच नाही."

आणि पोराला बंदरावर पिटाळलं.

लादी गोणपाटात घालून मुसळाने फोडली, थर्माकोलच्या खोक्यात भरली आणि वर पाणी ओतलं. लोक इथेच चुकतात. नुसत्या बर्फात बाटली खुपसली की खड्यांच्या मधे हवाच राहते. पाण्याने बाटली सगळीकडून धरली जाते. मग दोन ओंजळी खडेमीठ. मिठाने पाणी शून्याच्या खाली जाऊनही गोठत नाही. "वास येतलो हां," पोरगा म्हणाला. "बूच बंद आहे ना? बाटल्या फिरवत राहा." फिरवायचं कारण, काचेलगतची वाइन गार होते आणि मधली तशीच राहते. वीस मिनिटांनी त्या आधी उघडलेल्या बाटलीचं बूच काढून थर्मामीटर घातला, तर १० अंश. खरं सांगतो, कॉलर ताठ झाली.

बाटल्या साबणाने दोनदा धुतल्या, पुसल्या. टेबलावर बर्फ दिसायला नको, म्हणून पाण्याच्या कॅम्परची आतली बाजू आधी गार करून घेतली, कोरडी पुसली आणि बाटल्या आत ठेवून झाकण लावलं. बाहेरची उष्णता आत येऊ द्यायची नाही, बस्स. शेवटची बाटली काढली तेव्हाही ती गारच होती.

पण टेबलावर प्लास्टिकचे कॅम्पर बरे दिसेनात, म्हणून मालकांनी शोभेला ओली मडकी मांडली. एकेक बाटली कॅम्परमधून काढून मडक्यात. आत्याबाईंनी विचारलं, "बर्फाशिवाय एवढी गार?" मालक म्हणाले, "आपली पारंपरिक पद्धत." सगळ्यांनी फोटो काढले. मी बाजूला सुरमईची ताटं घेऊन उभा. बोललो असतो तर मालक खोटे पडले असते, आणि बर्फाचंही निघालं असतं. बूच बंद होतं, बाटली धुतलेली होती, हे सगळं खरं. पण "मुळीच नाही" म्हणालो होतो, तेही खरं.

जाताना त्यांनी मालवणच्या बाजारातून दोन मडकी नेली. आठवड्याने रिसॉर्टच्या फोनवर मेसेज आला: "तुमची युक्ती घरीही चालली! बाटली तासभर गार राहिली."

चालणारच. मे महिन्यात पुण्याची दुपार कोरडी ठणठणीत असते. मी अंगठा पाठवला.