फुली रेषेवर पडली तर

सर्व पेन्सिली पुस्तकं आहेत. काही पुस्तकं ढग आहेत. म्हणून काही पेन्सिली ढग आहेत.

तर्कक्षमतेच्या प्रश्नांत पहिली दोन विधानं खरी धरायची आणि तिसरं त्यांतून निघतं का ते सांगायचं. परवा भाचीने या निष्कर्षापुढे बरोबरची खूण केली आणि मला माझी जुनी वही आठवली. तिच्या वयाची असताना मीही हेच करायचे. पुस्तकांचं मोठं वर्तुळ, त्यात पेन्सिलींचं छोटं, आणि ढगांचं वर्तुळ हात आपोआप असं काढायचा की ते पेन्सिलींनाही थोडं कापून जाई. चित्रात दिसतंय म्हणजे निष्कर्ष निघतो, असं वाटायचं. ढगांनी पेन्सिलींना शिवावं असं विधानांत कुठेच नव्हतं. ते मीच ठरवलं होतं.

गणितज्ञ ऑयलरची अशी वर्तुळं १७६८ साली छापली गेली. त्यांच्यात ही अडचण आहेच, कारण वर्तुळं काढताना कुठली तरी एकच मांडणी निवडावी लागते. तर्कशास्त्रज्ञ जॉन व्हेनने १८८० मध्ये उलट वाट धरली: तिन्ही वर्तुळं आधीच एकमेकांत गुंतलेली काढायची आणि जो भाग रिकामा असल्याचं विधान सांगतं तो रेघांनी भरायचा. 'काही'साठी फुली मारायची रीत पुढे आली. मला हे फार सुंदर वाटतं. आपल्याला माहीत नसलेली गोष्टही त्यात काढता येते.

भाचीला तसंच करायला लावलं. 'सर्व पेन्सिली पुस्तकं' म्हणून पुस्तकांबाहेरच्या पेन्सिली रेघांनी भरल्या. मग पुस्तकं आणि ढग यांच्या सामाईक भागात फुली मारायची, पण तो भाग पेन्सिलींच्या वर्तुळाच्या रेषेने दुभंगलेला. "मावशी, फुली रेषेच्या आत की बाहेर?" कुठेच नाही, रेषेवरच. आणि ती रेषेवर राहिली म्हणजेच निष्कर्ष निघत नाही. शंका असेल तर ओळखीचे शब्द घालून पाहावेत: सर्व मांजरं प्राणी आहेत, काही प्राणी कुत्रे आहेत. इथे कुणी फसत नाही.

यातूनच उत्तरांतला 'निष्कर्ष एक किंवा दोन', म्हणजे दोहोंपैकी कुठला तरी एक, हा पर्यायही कळतो. 'काही पेन्सिली ढग आहेत' आणि 'एकही पेन्सिल ढग नाही' यांतलं एकेकटं काहीच निघत नाही, पण दोन्ही एकाच वेळी खोटी असू शकत नाहीत. कुठलं तरी एक खरं असणारच. मात्र दुसरं विधान 'एकही पुस्तक ढग नाही' असतं, तर 'एकही पेन्सिल ढग नाही' हे सरळच निघालं असतं आणि 'किंवा'ची गरजच उरली नसती.

मग तिने विचारलं, सर्व पुस्तकं ढग असती तर? तर सर्व पेन्सिली ढग, आणि निदान एक तरी पेन्सिल आहे असं धरलं की 'काही पेन्सिली ढग' हेही बरोबर. हे तिला पटेना. बरोबरच आहे, 'काही जण आले' म्हटलं की बोलण्यात 'काही आले नाहीत' हेही ऐकू येतं. तर्कात 'काही' म्हणजे निदान एक, एवढंच. बाकीच्यांबद्दल तो शब्द गप्प असतो.

'सर्व फुलं लाल नाहीत' हे वाक्य मला याहून जास्त छळतं. एकही लाल नाही, की काही लाल नाहीत? मराठीत दोन्ही अर्थ निघू शकतात, आणि प्रश्न काढणाऱ्याने असं मोघम वाक्य लिहूच नये असं माझं ठाम मत आहे. समोर आलंच तर आम्ही दोघी वर्तुळाला हात लावायच्या आधी वाक्याखाली दोन्ही अर्थ लिहून काढतो आणि प्रत्येकासाठी वेगळं चित्र काढतो.