भेग पडलेला आठ

घानात पक्षाचं काम घ्यायचं तर नियम एकच: ॲडव्हान्स खिशात पडल्याशिवाय छपाईच्या स्क्रीनला, म्हणजे जाळीच्या चौकटीला, इमल्शन (उजेडाने घट्ट होणारा लेप) लावायचं नाही. हरलेला उमेदवार सापडत नाही, जिंकलेला फोन उचलत नाही. आक्रातल्या आमच्या वर्कशॉपमध्ये हत्तीवाले एनपीपी आणि छत्रीवाले एनडीसी, या तिथल्या दोन मोठ्या पक्षांचेही टी-शर्ट एकाच रॅकवर वाळतात. लाल शाई दोघांनाही लागते, डबा एकच. तरी प्रत्येकाचा माणूस येऊन सांगणार, ‘आमचा लाल वेगळा.’ मी मान डोलावतो.

छत्रीचं काम मात्र कसाचं. लाल, हिरवा, काळा अशा तीन स्क्रीन, पांढरा भाग कापडाचाच. रजिस्ट्रेशन, म्हणजे रंगांची एकमेकांशी जुळणी, केसभर हललं की छत्रीच्या काड्यांशी पांढरी फट दिसते. हत्ती त्यामानाने गरीब जनावर, लाल-निळ्यात भागतो.

१९९२च्या राज्यघटनेपासून तिथे कुठलाही पक्ष सलग आठ वर्षांपेक्षा जास्त सत्तेत टिकला नव्हता. २०२४मध्ये एनपीपीची आठ वर्षं भरत आली होती, म्हणून त्यांची घोषणा होती ‘ब्रेकिंग द एट’, म्हणजे आठाचा हा नियम मोडायचा. त्यांच्या एका मतदारसंघाच्या संघटकाने ऑर्डर दिली: छातीवर भलामोठा 8, मधोमध तडा. माल छापून झाला, क्युरिंगही झालं, म्हणजे शाई तापवून पक्की केली. आणि सप्टेंबरात निवडणूक आयोगाने मतपत्रिकेवरचे क्रमांक चिठ्ठ्या टाकून काढले. रेडिओ चालूच होता. एनपीपीचे अध्यक्षपदाचे उमेदवार बावुमिया, त्यांना १. स्क्रीनरूममधला ऑपरेटर पक्का हत्तीवाला, त्याने टेबलावर थाप मारली. मग एनडीसीचे उमेदवार महामा, त्यांना ८. स्क्वीजीवरचा, म्हणजे शाई ओढणारा, पोरगा हसून हसून खालीच बसला.

संध्याकाळी संघटक आला. टी-शर्ट छातीला लावून विचारतो, ‘बॉस, तू परका माणूस, तुला काय दिसतं?’ मी म्हटलं, ‘ट्रोट्रोच्या (इथल्या वडाप मिनीबसच्या) खिडकीतून आठच दिसेल, तडा नाही.’ तो म्हणाला, ‘आता तर आठाला फोडा असाच अर्थ होतो.’ त्याचंही चूक नव्हतं. पाठीवर मोठा 1 छापून घेतला आणि माल घेऊन गेला. पैसे रोख दिले, हे मुद्दाम सांगतो.

दोन-तीन दिवसांत छत्रीवाले हजर. त्यांना छातीवर नुसता 8 हवा होता, आणि तोही आजच. पोराने जुनी पॉझिटिव्ह, म्हणजे चित्राची पारदर्शक फिल्म, काढली, तड्याची जागा काळ्या मार्करने भरली नि उजेडासमोर धरली. अखंड आठ. आर्टवर्कचे पैसे मी त्यांनाही लावले. धंदा आहे.

पण स्क्रीन एक्स्पोज करायचं, म्हणजे फिल्म ठेवून उजेड द्यायचं, काम हत्तीवाल्या ऑपरेटरचं. मला वाटलं, आता काहीतरी होणार. जरा जास्त उजेड दिला तर इमल्शन धुताना उघडत नाही, कमी दिला तर कडा खातात. बिघडवणं किती सोपं, आणि कुणाला कळलंही नसतं. त्याने टायमर लावला, पाण्याने हळूहळू धुतलं, भिंगाने कडा बघितल्या. मग म्हणाला, ‘यांची हिरवी शाई जरा पातळ आहे, बघा.’

७ डिसेंबरला मतदान झालं. महामांना ५६ टक्क्यांवर मतं पडली, आणि दुसऱ्याच दिवशी बावुमियांनी हार मान्य केली. २०२२च्या अखेरीस महागाई ५४ टक्क्यांवर गेलेल्या देशात टी-शर्टांनी काय फरक पडणार होता म्हणा. निकालानंतर तो ऑपरेटर वेळेवर कामावर आला. भिंग घेऊन एवढं नीट का बघितलंस, हे मी त्याला अजून विचारलेलं नाही.