मुक्या घंटांचे दोन दिवस

नाशिककराला घंटा म्हटलं की एकच आठवते, गोदाकाठच्या नारोशंकराच्या देवळाची. पुरात नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या गळ्यापर्यंत पाणी आलं की लोक बघायला गर्दी करतात, आणि ‘घंटेला पाणी लागलं’ म्हटलं की गर्दी करणारे घरी पळतात. या घंटेवर रोमन अक्षरं आणि १७२१ हे साल कोरलेलं आहे. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली, तेव्हा तिथल्या चर्चमधून ज्या घंटा निघाल्या त्यांतली ही एक. दुसरी भीमाशंकरला आहे. तिसरी वाईजवळ मेणवलीच्या घाटावर, तिच्यावर तर बाळ येशूला घेतलेली मारिया आहे.

म्हणून वाटायचं, या घंटेच्या माहेरी एकदा जाऊन यावं. ऑफिसातला एक मित्र वसईचा, नंदाखालचा. गुड फ्रायडेला जोडून शनिवार-रविवार होता, २०२५चा एप्रिल. आदल्या शनिवारीच हनुमान जयंती झालेली. ईस्टरही पौर्णिमेच्याच हिशोबाने येतो, त्यामुळे असे शेजार होतात. मित्राला घंटेचं काही बोललो नाही, सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, न्यायला येतो म्हणालो.

दादरला गाडी बदलून वसई रोडला उतरलो. स्टेशनबाहेरचा गोंगाट मागे पडला की रस्ता एकदम बदलतो. केळीच्या बागा, पानवेली, मोगऱ्याचे वाफे, विहिरी आणि वळणावळणावर हार घातलेले क्रूस. कॅथलिक परंपरेत सकाळी, दुपारी बाराला आणि संध्याकाळी आंजेलुस या प्रार्थनेची घंटा होते हे मी वाचून आलो होतो. चर्चसमोर पोचलो तेव्हा बाराला पाच कमी होते. चपला काढून पायरीवर बसलो. बारा वाजले. सव्वाबारा झाले. आंब्यावर कोकीळ तेवढा बोंबलत होता.

न्यायला आलेला मित्र पोट धरून हसला. "अरे, काल रात्री आज्ञा गुरुवारच्या मिस्साला, म्हणजे आमच्या मुख्य प्रार्थनाविधीला, ‘ग्लोरिया’ स्तोत्राच्या वेळी घंटा वाजल्या त्या शेवटच्या. आता उद्या रात्रीपर्यंत चिडीचूप. वर्षभरात नेमके हेच दोन दिवस बरे सापडले तुला!"

दुपारी तीनला उपासना होती. गुड फ्रायडेला मिस्सा नसते, हेही मला तिथेच कळलं. वेदी पार उघडी, ना फूल ना वस्त्र. लाल झगा घातलेले फादर आले आणि एक शब्दही न बोलता जमिनीवर पालथे पडले. पटांगणातल्या मांडवात एवढी माणसं होती, पण त्या मिनिटभरात फक्त पंख्यांचा आवाज ऐकू येत होता. मग योहानाच्या शुभवर्तमानातलं दुःखसहन, मराठीत, गाऊन. नंतर क्रूसाचं चुंबन घ्यायला लांबच लांब रांग. घंटेऐवजी एक मुलगा लाकडी फळी हलवत होता, तिच्यावर लोखंडी कडी आपटायची. टक्-टक्-टक्. सुतारकाम चालू असल्यासारखा कोरडा आवाज. मला तो विचित्र वाटला, पण खरं सांगतो, अजून कानात आहे.

मित्राची आजी पंच्याऐंशीच्या पुढची, लाल चौकड्याच्या लुगड्यातली. घरात सगळे कादोडी ही तिथली बोली बोलत होते, माझ्याशी बोलताना मराठीवर यायचे. रात्री ताटात भाकरी, वालाची भाजी आणि पाणी. आजींना वयामुळे उपास माफ, तरी त्यांनी दिवसभरात एकदाच खाल्लं होतं. लहानपणी मिस्सा लॅटिनमध्ये असायची. "अर्थ कुणाला कळायचा? पण पाठ सगळ्यांना," असं म्हणून त्यांनी भाकरी मोडता मोडता ‘दोमिनुस वोबिस्कुम’ म्हटलं आणि उत्तरही आपणच दिलं, ‘एत कुम स्पिरितू तुओ’. कपाटात ‘सुवार्ता’ मासिकाच्या अंकांची चळत होती. ते मासिक वर्षानुवर्षं चालवणारे आणि २०२०च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो या नंदाखालचेच.

मी नारोशंकराच्या घंटेची हकीकत सांगितली. आजींना वाईटबिईट काही वाटलं नाही, त्यांची चौकशी वेगळीच. "वाजते कशी रे?"

मी गप्प. चाळीस वर्षं त्या घाटावर फिरतोय, पण ती वाजताना कधी ऐकलेलीच नाही.

"म्हणजे तिचा बारमाही गुड फ्रायडेच की," म्हणाल्या आणि जपमाळ घेऊन आत गेल्या.

शनिवारी सकाळी वसईच्या किल्ल्यात गेलो. लग्नाआधीचे फोटो काढणाऱ्या जोडप्यांनी निम्मा किल्ला अडवलेला, त्यांच्याबद्दल न बोललेलं बरं. तिथल्या सेंट जोसेफ चर्चच्या मनोऱ्यात गोल जिना आहे. वरच्या कमानी उघड्याबोडक्या, आत कबुतरं. आपली घंटा याच कमानीतली असेल असं म्हणायला पुरावा काही नाही. तरी मी वर बघत बराच वेळ उभा राहिलो, मान अवघडली.

रात्री चर्चबाहेर अंधारात आगटी पेटवली. फादरांनी भल्यामोठ्या मेणबत्तीवर क्रूस कोरला, त्याच्या चार कोपऱ्यांत २, ०, २, ५ हे आकडे आणि त्यात धुपाचे पाच खडे खोचले. तिच्यावरून एकाने पेटवली, त्याच्यावरून शेजाऱ्याने, आणि काळोखी पटांगण हळूहळू पिवळं होत गेलं. माझ्या मेणबत्तीचं मेण अंगठ्यावर गळत होतं. आजींनी मुकाट्याने पुठ्ठ्याचं बूच वर सरकवून दिलं. मग जुन्या करारातली वाचनं, एकामागून एक. उत्पत्ती, इसहाकाचा बळी, तांबड्या समुद्राचं दुभंगणं. आजी बसल्या जागी पेंगायला लागल्या असं मला वाटलं.

वाचनं संपली, वेदीवरच्या मेणबत्त्या लागल्या, फादर उभे राहिले. दाराशी दोघे बाप्ये दोर धरून केव्हाचे तयार होते, त्यांतल्या धाकट्याने तळहातांवर थुंकी लावली. आजींनी डोळे न उघडताच माझ्या दंडावर चापट मारली.

"ऐक आता."