मारायचा परवाना आणि सीलचं रक्षण

स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर काढलेले सील या सागरी सस्तन प्राण्याचे फोटो दाखवले की एक प्रश्न हमखास येतो: "तिथलं सरकार सील मारायचे परवाने देत होतं म्हणे. मग संरक्षण कसलं?" परवा पुन्हा तुम्ही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

परवाने होते, खरं आहे. २०१० च्या सागरी कायद्यानं ते आणले आणि २०११ पासून परवान्याशिवाय सील मारणं तिथे गुन्हा ठरला. पण त्याआधी काय चालायचं ते पाहिल्याशिवाय या कागदाचं मोल कळत नाही. १९७० चा जुना कायदा तिथल्या दोन जातींसाठी मुख्यतः पिल्लांच्या हंगामापुरती बंदी घालायचा: ग्रे सीलसाठी सप्टेंबर ते डिसेंबर, कॉमन सीलसाठी जून ते ऑगस्ट. त्या महिन्यांतही जाळ्याजवळ आलेल्या सीलला मारायची मुभा मच्छीमाराला होतीच. आणि किती मारले याचा हिशेब त्याच्याकडे कुणी मागत नव्हतं. मला सगळ्यात जास्त डाचतं ते हे. गोळी लागलेला सील बरेचदा बुडतो. किनाऱ्याला लागला तर लागला, नाहीतर त्याच्या मरणाची कुठे नोंदच नाही.

परवान्यानं तो हिशेब मागितला. सात विभाग पाडले, प्रत्येक विभागात दरवर्षी जास्तीत जास्त किती मारता येतील तो आकडा ठरवला. तो कसा काढायचे, हे एकदा समजून घ्या. हवाई मोजणीतून किमान किती सील आहेत ते धरायचं. त्यांच्या वाढीचा कमाल दर वर्षाला १२ टक्के मानून त्याचा निम्मा, म्हणजे ६ टक्के घ्यायचा. मग जमातीची अवस्था पाहून त्याला ०.१ ते १ मधल्या एका अंकानं गुणायचं. म्हणजे धडधाकट ग्रे सील १,००० असतील तर मर्यादा ६०, पण घसरणीला लागलेले कॉमन सील तेवढेच असतील तर फक्त ६. या एका दशांशावर किती जीव तरले असतील! पहिल्या वर्षी चारशेहून जास्त सील मारल्याची नोंद झाली, पुढे आकडा उतरत गेला.

तरीही मला हा परवाना कधी पुरेसा वाटला नाही, आणि त्याचं कारण मी डोळ्यांनी पाहिलंय. न्यूबरोला यथान नदीच्या मुखाशी पलीकडच्या वाळूवर शेकडो सील पडलेले असतात. एकदा पाण्यात एक उभ्याउभ्या झोपला होता, नाक तेवढं वर, बाटली तरंगावी तसा. ग्रे की कॉमन? ग्रेचं नाक लांब, सरळ उतरणारं, नाकपुड्या समांतर. कॉमनचा चेहरा कुत्र्याच्या पिल्लासारखा आखूड, नाकपुड्या खाली जवळ आलेल्या. दुर्बीण लावूनही मला ओळखायला वेळ लागला. हलत्या लाटांवर, बंदुकीमागे उभ्या असलेल्या माणसाचा अंदाज चुकणारच नाही, असं कोण म्हणेल? मग मारलेला सील साठांच्या मर्यादेतला की सहांच्या, हे ठरवायचं कसं?

मत्स्यशेती आणि मासेमारी वाचवण्यासाठी मिळणारे परवाने १ फेब्रुवारी २०२१ पासून बंद झाले. आनंदच झाला, पण कारण कळल्यावर जीव हळहळला. अमेरिकेच्या १९७२ च्या सागरी सस्तन प्राणी कायद्याखाली २०१६ मध्ये नवा नियम आला: जिथे मत्स्यव्यवसायासाठी असे प्राणी जाणूनबुजून मारले जातात, तिथले मासे आम्ही घेणार नाही. स्कॉटलंडच्या सामन माशाला अमेरिकेची बाजारपेठ सोडणं परवडणारं नव्हतं. सामन पाळतात त्या पिंजऱ्यांना ताणून बसवलेली मजबूत जाळी लावता येते, मेलेले मासे वेळच्या वेळी काढले की सील कमी खेचले जातात, हे आधीही ठाऊक होतंच. तेव्हाच सक्ती करायला हवी होती, असं मी ठामपणे म्हणते.

पण बंदूक खाली ठेवली म्हणजे सील वाचले, असंही समजू नका. टे आणि ईडन नद्यांच्या मुखांशी एकेकाळी सहाशेच्या वर कॉमन सील मोजले जायचे. नंतरच्या काही मोजण्यांत पन्नासही भरले नाहीत. तिथे गोळीबार हे मुख्य कारण मानलं जात नाही. वाढत्या ग्रे सीलशी अन्नासाठीची स्पर्धा, ग्रे सीलनीच त्यांना मारून खाणं, शेवाळातून येणारं विष, अशा बऱ्याच गोष्टींवर संशय आहे. म्हणून मोजणी चालू ठेवावी लागते. ऑगस्टमध्ये कात टाकल्यासारखे केस बदलायला ते वाळूवर येऊन पडतात आणि संशोधक आकाशातून एकेक मोजत जातात. त्या दिवसांत नदीच्या मुखाशी गेलात तर लांबच थांबा. एक जरी घाबरून पाण्यात गेला, तरी त्याच्यामागे सगळे उतरतात.